टियर कमावलंत, आता सीटही मिळवा

विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर कार्डावर सिल्व्हर किंवा गोल्ड असं टियर, म्हणजे सतत प्रवास करून मिळालेली पायरी, छापून आलं की बहुतेकांचा समज होतो, आता चांगली सीट आपोआप मिळणार. मिळत नाही. ती मागावी लागते, वेळेवर मागावी लागते, आणि त्याआधी तुमचा नंबर त्या बुकिंगमध्ये जाऊन बसलेला असावा लागतो. कार्ड नुसतं पाकिटात असून भागत नाही, कारण विमान कंपनीच्या सिस्टिमला फक्त पीएनआर, म्हणजे बुकिंगची नोंद, दिसतो.

मी बडोद्यात दांडिया बाजारात तिकिटांचं काम करते. माझ्याकडे येणारी मंडळी मुख्यतः दोन तऱ्हेची. मकरपुरा, सावली, वाघोडिया इथल्या कारखान्यांतले इंजिनिअर, जे ट्रान्सफॉर्मर नाहीतर व्हॉल्व्ह बसवून द्यायला कधी जर्मनी, कधी दुबई, कधी आफ्रिका असे सतत हिंडत असतात. यांच्याकडे टियर असतं. आणि मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असलेले आईवडील, ज्यांच्याकडे स्वतःचं टियर नसतं, पण मुलाचं किंवा सुनेचं असतं. दिल्लीहून न्यूयॉर्कपर्यंत पंधरा-सोळा तास बसायचं तर सीट ही हौसेची गोष्ट राहत नाही. घरापासून लांब राहून, रात्रीबेरात्री विमानतळावर ताटकळून माणसानं जो हक्क कमावला, तो निव्वळ एक रकाना रिकामा राहिला म्हणून वाया जावा, हे मला बघवत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

नंबर बुकिंगमध्ये घाला

तिकीट काढताना प्रवाशाच्या नावाखाली फ्रीक्वेंट फ्लायर नंबरचा रकाना असतो. तो भराच. आमच्या सिस्टिममध्ये त्याला एफक्यूटीव्ही म्हणतात. एजंटकडून तिकीट काढत असाल तर "एफक्यूटीव्ही टाकलंत का?" एवढं विचारा, लगेच कळेल त्याला.

नाव कार्डावर आणि तिकिटावर एकसारखं हवं. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. मराठी माणसाचं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टावर ते पहिल्या नावाला चिकटून येतं, आणि कार्ड काढताना मात्र नुसतं नाव-आडनाव लिहिलेलं असतं. इथे गुजरातेत तर पासपोर्टावर नावापुढे भाई, बेन, कुमार लागलेलं असतं, ते कार्डावर नसतं. सिस्टिमला ही दोन निराळी माणसं वाटतात आणि नंबर घेतलाच जात नाही. पासपोर्टावर जसं आहे तसंच नाव खात्यात करून घ्या. एकदाच करायचं काम आहे, आणि ते प्रवास ठरायच्या आधी, निवांतपणे करायचं आहे.

ऑफिसच्या ट्रॅव्हल पोर्टलवरून तुमचं तिकीट निघत असेल तर तिथल्या प्रोफाइलमध्ये कोणता नंबर आहे ते एकदा स्वतः उघडून बघा. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या क्लब विस्तारा या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेची खाती एअर इंडियाच्या महाराजा क्लबात गेली. तरी क्लब विस्ताराचा जुना नंबर प्रोफाइलमध्ये तसाच पडलेला मला अजून दिसतो. त्याच प्रोफाइलमध्ये 'सीटची आवड : आइल', म्हणजे वाटेकडेची सीट, असंही भरलेलं असतं, आणि त्यावर लोक विसंबून राहतात. ती नुसती इच्छा झाली. कंपनी ती वाचेलही, पण सीट पक्की होते ती सीट मॅपवर आकडा आणि अक्षर निवडल्यावरच. एजंटनं सीट टाकली असेल तर पीएनआरमध्ये त्या ओळीपुढे एचके हा शेरा आहे का, तेवढं विचारा. एचके म्हणजे पक्की. एचएन दिसत असेल तर मागणी गेली आहे, उत्तर यायचं आहे.

आता पैशाची गोष्ट. तिकीट विकणाऱ्या मोठ्या वेबसाइटवर पैसे भरायच्या आधी एक सीट मॅप येतो आणि प्रत्येक सीटवर किंमत दिसते. त्या वेबसाइटला तुमचं टियर ठाऊकच नसतं. तिथे सीट घेऊ नका. तो टप्पा सोडून पुढे जा, तिकीट निघू द्या, मग विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर आपल्या खात्यात लॉगइन करून तोच पीएनआर उघडा. नंबर नीट बसला असेल तर ज्या सीटवर मघाशी किंमत होती तिथे आता शून्य दिसेल. खात्री करायची असेल तर आधी लॉगइन न करता नकाशा बघा, मग लॉगइन करून बघा. दोन्हींत काहीच फरक पडला नाही तर नंबर बसलेला नाही, किंवा तुमच्या भाड्याच्या प्रकारात ही सवलत नाही.

भाड्याचा प्रकार हे स्वतंत्र प्रकरण आहे. एअर इंडियाच्या इकॉनॉमीत व्हॅल्यू, क्लासिक आणि फ्लेक्स अशी भाडी आहेत, इंडिगोत फ्लेक्सी प्लस आहे. वरच्या भाड्यात सीट बरेचदा आधीच धरलेली असते, मग टियरची गरजच नाही. उलट अमेरिकेतल्या कंपन्यांचं बेसिक इकॉनॉमी हे सर्वांत स्वस्त तिकीट घेतलंत तर टियर असूनही हात बांधले जातात. उदाहरणार्थ, युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमीवर टियरवाल्यांनाही इकॉनॉमी प्लसची, म्हणजे जास्त लेगरूमची, सीट मिळत नाही. चार पैसे वाचवायला जाऊन कमावलेला हक्क घालवण्यात अर्थ नाही, असं मी प्रत्येकाला सांगते.

कुणाचं कार्ड कुठल्या विमानात चालतं

सगळ्यात जास्त निराशा होते ती इथे. "ताई, मी स्टार गोल्ड आहे, मला मधली सीट कशी दिली?" हे वाक्य मी नेहमी ऐकते. माणूस रागावलेला असतो आणि त्याचा राग खराही असतो, कारण त्याला कुणी नीट समजावलेलं नसतं.

एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. महाराजा क्लबाचं गोल्ड किंवा प्लॅटिनम असलेला माणूस स्टार अलायन्स गोल्ड धरला जातो. त्यामुळे लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड अशा दुसऱ्या कंपनीच्या विमानातही त्याला लाउंज मिळतो, चेक-इनची वेगळी रांग मिळते, आधी विमानात चढता येतं, जास्तीचं सामान नेता येतं आणि बॅगा आधी येतात. या यादीत सीट नाही. स्टार अलायन्सनं सगळ्या कंपन्यांना मिळून बांधून दिलेल्या हक्कांत सीटनिवड धरलेलीच नाही. ती प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीनं देते, आणि साहजिकच आपल्या स्वतःच्या कार्डवाल्यांना आधी देते.

युनायटेडचंच बघा. जास्त लेगरूमची इकॉनॉमी प्लस सीट त्यांच्या स्वतःच्या प्रीमियर गोल्डवाल्याला बुकिंग करतानाच फुकट मिळते, प्रीमियर सिल्व्हरवाल्याला चेक-इन उघडल्यावर. एअर इंडियाचं गोल्ड घेऊन तिथे गेलात तर लाउंजमध्ये स्वागत होईल, पण इकॉनॉमी प्लसचे पैसे द्यावे लागतील. म्हणून ज्यांची वर्षातली मोठी फेरी एकाच कंपनीनं होते, त्यांनी टियरही त्याच कंपनीचं कमावावं असं माझं ठाम मत आहे. अलायन्समधलं दुसरं कार्ड लाउंजपुरतं चांगलं. सीटसाठी घरचंच कार्ड लागतं.

वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्सची रीत निराळी आहे. तिथल्या रुबी या सगळ्यात खालच्या पायरीपासूनच पसंतीची सीट आधी निवडण्याचा हक्क यादीत लिहिलेला आहे. रुबीच्या वर सफायर, त्याच्या वर एमराल्ड. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज या दोन्ही वनवर्ल्डमध्ये आहेत. कतारच्या प्रिव्हिलेज क्लबाचं सिल्व्हर म्हणजे रुबी, गोल्ड म्हणजे सफायर, प्लॅटिनम म्हणजे एमराल्ड. ब्रिटिश एअरवेजचं ब्राँझ म्हणजे रुबी, सिल्व्हर म्हणजे सफायर, गोल्ड म्हणजे एमराल्ड. ब्रिटिश एअरवेज आपल्या ब्राँझवाल्याला उड्डाणाच्या सात दिवस आधी फुकट सीट निवडू देते, सिल्व्हर आणि गोल्डवाल्यांना थेट बुकिंगपासून. बडोद्याहून अहमदाबादला जाऊन कतारनं दोहामार्गे फिरणारी बरीच मंडळी आहेत. त्यांना मी सांगते, लंडनचा एखादा टप्पा ब्रिटिश एअरवेजचा लागला तर कतारचा नंबर तिथेही घाला, तो चालतो.

एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही. इंडिगोही नाही. अहमदाबादहून एमिरेट्सनं दुबईला जाताना स्टार गोल्ड किंवा वनवर्ल्डचं काही दाखवून उपयोग नाही, तिथे त्यांच्या स्वतःच्या स्कायवर्ड्स योजनेचंच टियर लागतं. इंडिगोवर त्यांच्या ब्लूचिपचं. आणि एअर इंडिया एक्स्प्रेसच्या नावात एअर इंडिया असलं तरी ती स्टार अलायन्सची सदस्य नाही, हेही लक्षात ठेवा.

कोडशेअरच्या तिकिटात आणखी एक अडचण येते. तिकिटावर आकडा एका कंपनीचा आणि प्रत्यक्ष विमान दुसरीचं. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते शोधा. सीट देणार ती विमान उडवणारी कंपनी, आणि तिच्याकडे तुमच्या बुकिंगचा सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा असतो. तो एजंटकडून मागून घ्या, आमच्या स्क्रीनवर तो दिसतो. मग त्या कंपनीच्या वेबसाइटवर तो घालून सीट निवडा. तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या ॲपवर सीट मॅप उघडत नाही म्हणून हताश होऊन सोडून देणारे खूप जण मी पाहिलेत.

दोन कंपन्यांची कार्डं असलेले लोक विचारतात, सीट एका कार्डावर आणि मैल, म्हणजे प्रवासाचे जमा होणारे गुण, दुसऱ्या कार्डावर असं करता येतं का? सिस्टिममध्ये त्याची सोय आहे. एफक्यूटीव्ही मैल जमा करण्यासाठी, आणि एफक्यूटीएस म्हणून दुसरी नोंद नुसती टियरची सेवा मिळण्यासाठी. सगळ्या कंपन्या ती दुसरी नोंद मानत नाहीत. मानत नसतील तर ज्या कार्डावर सीट मिळते ते आधी घाला, सीट पक्की करा, आणि नंबर बदलायचाच असेल तर बोर्डिंग पास हातात पडल्यावर काउंटरवर बदलून घ्या. त्याआधी बदललात तर काही कंपन्यांची सिस्टिम सीट काढून घेते.

वेळ

बुकिंगच्या दिवशी जी मिळेल ती बरी सीट धरून ठेवा. नंतर चांगली दिसली की बदलता येते, पण हातात काही नसलेल्या माणसाला शेवटी उरलेली सीट येते.

सीट मॅपवर करडा चौकोन दिसला म्हणजे तिथे माणूस बसलाय असं नाही. काही सीट कंपनीनं आपल्या वरच्या टियरवाल्यांसाठी राखलेल्या असतात, काही तान्ह्या बाळांच्या पाळण्यासाठी, काही विमानतळावरच्या काउंटरच्या ताब्यात. यातल्या बऱ्याचशा चेक-इन उघडताना सुटतात. देशातल्या उड्डाणांना इंडिगो आणि एअर इंडियाचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. युनायटेड, ब्रिटिश एअरवेज यांचं २४ तास आधी. तो क्षण साधायचा.

अमेरिकेहून परतीचं विमान असेल तर घड्याळ नीट लावा. आपण न्यूयॉर्कच्या पुढे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. समजा जुलैत १० तारखेला नेवार्कहून रात्री आठचं विमान आहे. २४ तास आधी म्हणजे तिथे ९ तारखेची रात्र, आठ वाजता. बडोद्यात तेव्हा १० तारखेची पहाट, साडेपाच. आईवडील तिकडे आहेत आणि चेक-इन इथून मुलगी करणार आहे, तर तिनं पहाटे साडेपाचचा गजर लावावा. आठ वाजता उठून बघितलं तर आइलच्या चांगल्या सीट गेलेल्या असतात.

देशांतर्गत विमानांबद्दल एक दिलासा. चेक-इन करताना सगळ्या सीटवर किंमत दिसते आणि माणूस घाबरून पैसे भरतो. डीजीसीए या हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे पसंतीची सीट ही ऐच्छिक सेवा आहे, आणि जो निवडणार नाही त्याला सीट आपोआप देण्याची तरतूद ठेवायची आहे. सीट विकत घेतल्याशिवाय चेक-इन होत नाही असं नाही. टियर असेल तर आधी शून्य किंमतीच्या सीट शोधा, नसतील आणि प्रवास तासाभराचा असेल तर सोडून द्या.

सीट कोणती?

टियरवर मिळते म्हणून सगळ्यात महागडी सीट उचलायची, ही पद्धत मला पटत नाही. सीट माणसाप्रमाणे निवडायची.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरचे हटकून पहिल्या भिंतीची रांग घेऊन देतात, पाय मोकळे राहतील म्हणून. भिंतीमुळे पाय पुढे सरकवता येत नाहीत. पुढच्या सीटखाली पाय घालायची सोय तिथे नाही, कारण पुढे सीटच नाही. टेबल आणि टीव्हीचा पडदा हाताच्या दांड्यात बसवलेला असतो, त्यामुळे तो दांडा वर उचलत नाही आणि बसायची जागाही किंचित अरुंद होते. पर्स, औषधांची पिशवी सगळं उड्डाणाच्या वेळी वर ठेवावं लागतं. शिवाय बाळाचे पाळणे तिथेच लागतात. तान्हं बाळ असलेलं कुटुंब आलं तर आधी निवडलेल्या माणसालाही हलवतात, आणि ते योग्यच आहे.

त्यापेक्षा साधी आइल सीट घ्या, पण बाजू विचार करून घ्या. तीन-तीन सीटच्या विमानात ए, बी, सी डावीकडे आणि डी, ई, एफ उजवीकडे. सी वर बसलं की वाट उजव्या हाताला, डी वर बसलं की डाव्या हाताला. उजवा गुडघा दुखरा असेल तर सी, डावा असेल तर डी, म्हणजे तो पाय वाटेत लांब करता येतो. बसल्यावर आइलच्या बाजूच्या दांड्याखाली, मागे जिथे तो सीटला जोडलेला असतो तिथे, बोटांनी चाचपून बघा. पुष्कळ विमानांत तिथे एक लहानशी कळ असते. ती दाबली की दांडा वर होतो आणि उठताना गुडघा मुडपून वळावं लागत नाही, सरळ बाजूला सरकता येतं. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंना मी ही कळ ऑफिसातल्या खुर्चीवर हात ठेवून दाखवली होती. परत आल्यावर त्यांनी बाकी प्रवासाचं काही सांगितलं नाही, आधी त्या कळीचं सांगितलं.

इमर्जन्सी एक्झिटची रांग तरुण, उंच माणसाला उत्तम. वयस्कर, गरोदर, लहान मूल सोबत असलेल्यांना ती देत नाहीत, टियर कितीही वरचं असो. दरवाजा उघडायची वेळ आली तर तो त्या माणसानं उघडायचा असतो, आणि हवाई सुंदरी तसं तोंडी विचारून होकार घेते. अमेरिकेतल्या नियमानं तिथे बसणारा किमान १५ वर्षांचा हवा. सीटबेल्टला जोडपट्टी लागत असेल तरी ती सीट मिळत नाही. एअरबस ए३२० मध्ये पंखांवर एकामागे एक अशा दोन एक्झिट रांगा असतात. पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, कारण झुकली तर मागच्या दरवाज्याची वाट अडेल. दोन्हींत निवड असेल तर मागची घ्या.

बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे, डाव्या हाताला, एका रांगेशी खिडकीच नसते. तिथून वातानुकूलनाचा नळ वर जातो. सीट मॅपवर मात्र ती 'विंडो' म्हणूनच दिसते. खिडकीसाठी जीव टाकणाऱ्यांनी तो भाग टाळावा. शेवटची रांग बहुधा झुकत नाही, आणि स्वच्छतागृहाची रांग तुमच्या डोक्याशी उभी राहते. पण जोडपं असेल तर मागचा भाग एकदम नाकारू नका. तीन-चार-तीन सीटच्या अनेक बोइंग ७७७ मध्ये विमान शेपटीकडे निमुळतं होतं तिथे कडेला तीनऐवजी दोनच सीट असतात. नवरा-बायको दोघंच, तिसऱ्याला ओलांडायची भानगड नाही. ज्यांना विमान हललं की धडकी भरते त्यांनी पंखाजवळ बसावं, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

बडोदा-दिल्लीवाल्यांसाठी एक खास. बडोद्याच्या हरणी विमानतळाहून सकाळचं विमान उत्तरेकडे जातं, सूर्य उजव्या हाताला. संध्याकाळी दिल्लीहून परत येताना विमान दक्षिणेकडे, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजव्याच हाताला. जाता-येता डुलकी काढायची असेल तर दोन्ही वेळा ए घ्या.

सोबतची माणसं

टियर एकाचं आणि प्रवास चौघांचा. बऱ्याच कंपन्या सोबतच्यांनाही तोच फायदा देतात, पण अट एकच असते, सगळे एकाच पीएनआरमध्ये हवेत. युनायटेडचा प्रीमियर गोल्ड एका सोबत्याला इकॉनॉमी प्लसमध्ये घेऊन बसू शकतो. आईवडिलांना मुलासोबत जायचं असेल तर तिकिटं वेगवेगळी काढू नका. ऑफिसनं मुलाचं काढलं आणि घरच्यांनी आईचं, तर कॉम्प्युटरच्या लेखी ते एकमेकांना ओळखत नाहीत. दोन पीएनआर एकमेकांशी जोडल्याचा शेरा टाकता येतो, पण त्यानं टियरचा फायदा पलीकडे जातोच असं नाही.

लहान मुलांसाठी टियर खर्च करायची गरज नाही. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं कंपन्यांना बजावलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईबापांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी सीट द्यायची. कुणी शेजारची सीट विकत घ्यायला लावत असेल तर हा नियम शांतपणे सांगा.

विमान बदललं तर

सगळं नीट केलं तरी सीट जाऊ शकते, आणि हल्ली हे जास्त होतं. एअर इंडियानं सप्टेंबर २०२४ पासून आपल्या जुन्या ए३२० निओ विमानांची आतली बैठक बदलायला घेतली. नव्या मांडणीत ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी अशा सीट आहेत. लांबच्या मार्गांवर ए३५० आली, तिच्यात २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, २६४ इकॉनॉमी. फ्लाइट नंबर तोच राहतो आणि विमान बदलतं. आपण निवडलेला आकडा नव्या विमानात दुसऱ्याच वर्गात जातो किंवा अस्तित्वातच नसतो, मग सिस्टिम सगळ्यांना नव्यानं वाटून टाकते. त्या वाटपात टियर बघितलं जाईलच अशी हमी नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाची लांबच्या प्रवासातली आइल सीट अशीच मधल्या सीटवर गेली. ईमेल आलं होतं, पण त्यात फक्त वेळ पाच मिनिटांनी बदलल्याचं लिहिलेलं. ती पाच मिनिटं हीच खूण असते. वेळ जराशी जरी बदलली तरी लगेच बुकिंग उघडून सीट बघा. त्या गृहस्थांनी त्याच दिवशी बघितलं, मला फोन केला, आणि नव्या नकाशात आइल मोकळी होती ती आम्ही उचलली. दोन दिवसांनी बघितलं असतं तर तिथेही माणूस बसला असता.

ऑनलाइन जमत नसेल तर कॉल सेंटरला फोन करा आणि थेट मुद्द्यावर या: माझा टियर हा, सीट इतक्या तारखेला अमुक निवडली होती, विमान बदलल्यामुळे ती गेली, त्याच प्रकारची दुसरी द्या. 'चांगली सीट द्या' म्हणू नका. नकाशा समोर उघडा ठेवून आकडा सांगा, "२७ सी मोकळी दिसते, ती द्या." समोरच्या मुलीचं काम सोपं होतं आणि ती करते. विमानतळावर वेळ आली तर टियरवाल्यांच्या काउंटरवर जा, गेटवर जाईपर्यंत थांबू नका. गेटवर सगळ्यांचीच घाई असते.

आणि कागद जपून ठेवा. सीटचे पैसे भरले असतील तर त्याचं वेगळं ईएमडी, म्हणजे जादा सेवेची इलेक्ट्रॉनिक पावती, निघतं, तिकिटासारखाच १३ आकडी नंबर असतो त्यावर. कंपनीनं तुम्हाला त्या सीटवरून हलवलं तर परतावा मागताना तोच नंबर लागतो, तिकीट नंबर देऊन काम होत नाही. टियरवर फुकट घेतलेल्या सीटचं ईएमडी निघत नाही, म्हणून तिथे पुरावा आपणच करायचा. सीट निवडून झाली की स्क्रीनशॉट घ्या, ज्यात पीएनआर, सीट नंबर आणि शून्य रक्कम एकत्र दिसेल, आणि तो आपल्या एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.